कपाटातली पुस्तके कोणाची?

एखाद्या घरातली आजी जाते. शिवाचे सात दिवस होतात, महिना होतो, आणि मग मुले, सुना, नातवंडे तिचे घर आवरायला जमतात. मुंबईत हे होत आले, आता सिडनीत आणि मेलबर्नमध्येही होते. पितळी वाट्या थोरली सून घेते. किडुशचा पेला धाकट्या मुलाकडे जातो. जरीच्या साड्या लेकी वाटून घेतात. मग कपाटाचा खालचा खण उघडतो. त्यात पिवळी पडलेली, कडा झिजलेली मराठी पुस्तके निघतात.

ती कोणालाच वाचता येत नाहीत. ज्यांत हिब्रू अक्षरे दिसतात ती पुस्तके सिनेगॉगात गेनिझासाठी देतात, कारण देवाचे नाव असलेले पान फेकायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्यांत हिब्रू नाही ती पिवळ्या झाकणाच्या डब्यात जातात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ज्याचे नाव माहीत नाही ते जपायचे कसे?

मराठी वर्गापुढचा खरा प्रश्न इथेच आहे. मुळाक्षरे, बाराखडी, सणांची नावे आणि दोन-चार गाणी एवढ्यावर वर्ग थांबला, तर मुलांना मराठी येईल, पण त्या खणात काय आहे ते कळणार नाही. बेने इस्राएलांच्या मराठी वर्गाने बेने इस्राएलांनी लिहिलेली पुस्तके शोधायला आणि वाचायला शिकवले पाहिजे. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही. जुने मराठी सरसर वाचणारी माणसे आज सत्तरीत आणि ऐंशीत आहेत.

या पुस्तकांचे लेखक कोण होते, हे तरुणांनी एकदा नीट ऐकावे. राजपुरकर, किहीमकर, अष्टमकर, तळकर ही नावे कोकणच्या नकाशावर बोट ठेवून वाचता येतात. राजपुरी मुरुड-जंजिऱ्याजवळ, किहीम अलिबागजवळ, अष्टमी रोह्याशेजारी. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी आणि म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली जाणारी ही माणसे. त्यांचीच मुले-नातवंडे एकोणिसाव्या शतकात पुस्तके लिहू लागली.

जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. हिब्रू प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे त्यांनी एकामागून एक केली. हिब्रू शिकणाऱ्यांसाठी व्याकरणही लिहिले. ज्या आज्या-पणज्यांना हिब्रू अक्षर कळत नव्हते, त्यांना आपण देवापाशी काय मागतो आहोत हे या भाषांतरांमुळे कळले. शाळा सांभाळून एका शिक्षकाने केलेले हे काम आज किती घरांत नावाने ओळखले जाते?

पेसाखच्या हगादाची गोष्ट अशीच आहे. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ साली शिळाप्रेसवर छापला गेला. पुण्यात १८७४ साली निघालेल्या हगादात हिब्रू आणि मराठी शेजारीशेजारी आहेत. भाषांतर समाजातल्याच दोघा तळकरांचे आहे, आणि त्यात चित्रे आहेत. त्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा लाटताना, भाजताना दिसतात. युरोपातल्या हगादांत युरोपातली माणसे असतात. या हगादात पोळपाट-लाटणे ओळखणारी माणसे आहेत. सिडनीत वाढलेल्या मुलीला तिची खापरपणजी कशी दिसत असेल हे दाखवायला याहून चांगले पान सापडणे कठीण.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. तो इंग्रजीत आहे, पण त्यातले जग मराठी आहे. सणांची जुनी नावे त्यात सापडतात: खिरीचा सण, दारफाळणीचा सण, अनशी ढाकण्याचा सण. लग्नाच्या चालीरीती आहेत, गावे आहेत, पलटणीत नोकरी केलेल्यांची नोंद आहे. हस्तलिखित १८९७ मध्ये तयार झाले. पुस्तक छापले गेले १९३७ मध्ये, तेल अविवला, इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या खटपटीने. मधली चाळीस वर्षे ते नुसते कागदांचे बाड होते. छापलेले पुस्तक पाहणे किहीमकरांच्या नशिबी नव्हते. त्या चाळीस वर्षांत कोणी घर आवरताना ते बाड रद्दीत घातले असते, तर आज बेने इस्राएलांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाचा पायाच गेला असता. म्हणूनच खालच्या खणातल्या कागदांकडे दोनदा पाहायचे असते.

याच किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा झाली. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन (१८८९–१९५७) १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात बेने इस्राएलांचे वार्षिक संपादित केले. त्याच सुमारास, १९१७ पासून दहा वर्षे, ‘द इस्रायलाइट’ हे मासिक इंग्रजी-मराठीत निघत होते. अशा अंकांची पाने म्हणजे समाजाची रोजची बोलणी आहेत.

आणि कीर्तने. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८० च्या सुमारास हिंदू कीर्तनकारांचा बाज घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठीत उभ्या केल्या. साकी, दिंडी, ओवी या चाली तशाच ठेवल्या आणि आख्यान तोरातले घेतले. देवळातले कीर्तन ऐकून वाढलेल्या माणसांनी ते आपल्या धर्माच्या कामी लावले. यात कोणाला कमीपणा वाटला नाही, आणि कोणाचा धर्मही बाटला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे समाजाचे हित पाहणारीच असतात. ते म्हणतात, मुलांना आठवड्यातून दोन तास मिळतात. ते दोन तास हिब्रूला द्यावेत. हिब्रू सिनेगॉगात लागेल, इस्राएलमधल्या भावंडांशी बोलायला लागेल. मराठी कुठे लागणार?

या आक्षेपाला उत्तर त्या जुन्या पुस्तकांतच आहे. बेने इस्राएलांना हिब्रू मराठीतून मिळाले. पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी व्याकरण घेतले, मिशनच्या शाळा घेतल्या, मराठीतला जुना करार घेतला, आणि जवळजवळ सगळे आपल्या धर्मावरच राहिले, किंबहुना तो अधिक जाणतेपणी पाळू लागले. पुढे राजपुरकरांसारखी माणसे समाजातच तयार झाली. म्हणजे हिब्रू की मराठी, हा वाद पूर्वजांनी कधी घातलाच नाही. एका पानावर दोन्ही छापून त्यांनी तो मिटवला होता.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ही पुस्तके कठीण आहेत. वाक्ये लांब, शब्द जुने, छपाई दाट. शिवाय सगळीच उत्तम आहेत असे म्हणणे खोटे ठरेल. काही भाषांतरे शब्दाला शब्द ठेवून केलेली आहेत, काही कीर्तनांत उपदेश फार आहे. पण आजोबांचे पत्र कोणी अलंकारासाठी वाचत नाही. आणि पहिल्या दिवशी अख्खे पुस्तक वाचायची गरज नाही. दहा ओळी पुरतात.

ज्यांना दहा ओळीही जड वाटतात, त्यांनी नव्या पुस्तकांपासून सुरुवात करावी. निस्सीम इझिकेल यांना १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या इंग्रजी कविता शाळेच्या पुस्तकांत आल्या, म्हणून ते तरी ओळखीचे आहेत. त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, हे कमी जणांना ठाऊक असते. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ला २०१० चा अकादमी पुरस्कार मिळाला. सोफी ज्यूडा यांच्या कथा २००७ मध्ये आल्या. पण मीरा महादेवन यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? त्या मूळच्या बेने इस्राएल. त्यांची ‘अपना घर’ ही हिंदी कादंबरी १९६१ ची, पुढे ‘शुलामिथ’ या नावाने इंग्रजीत आली. भारतात राहावे की इस्राएलला जावे या प्रश्नाने दुभंगलेले घर तिच्यात आहे. याच बाईंनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेश’चे काम सुरू केले. शीला रोहेकर यांची ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ ही कादंबरी २०१३ ची, तीही हिंदीत. भारत सोडून तिसऱ्याच देशात आलेल्या घरांना या दोन पुस्तकांत स्वतःचे बोलणे ऐकू येईल. वर्गातल्या मोठ्या मुलांनी त्यातले एखादे प्रकरण निवडून वर्गापुरते मराठीत करून पाहावे. भाषेची खरी परीक्षा भाषांतरात होते.

याच देशात दुसऱ्या यहुदी लोकांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. मेलबर्नला १९११ मध्ये पोलंड-रशियाकडून आलेल्या थोड्या माणसांनी ‘कदिमा’ ही संस्था काढली आणि तिच्यात यिडिश पुस्तकांचे ग्रंथालय उभे केले. ते आजही आहे. त्याच मेलबर्नमध्ये हर्ट्स बर्गनर यांनी यिडिशमध्ये लिहिलेली कादंबरी जुडा वॉटन यांनी इंग्रजीत आणली आणि ‘बिटवीन स्काय अँड सी’ म्हणून ती १९४६ मध्ये छापली गेली. ऑस्ट्रेलियाच्या साहित्यात तिने जागा मिळवली. अमेरिकेत ॲरन लान्स्की या तरुणाने १९८० मध्ये यिडिश पुस्तके वाचवायचे काम हाती घेतले. म्हातारी माणसे त्याला घरी बोलावत, जेवू घालत आणि एकेक पुस्तक हातात देताना त्याची गोष्ट सांगत. अशी दहा लाखांहून अधिक पुस्तके जमली. बेने इस्राएल संख्येने फार थोडे. त्यांची पुस्तकेही थोडी. म्हणजे काम लहान आहे, आणि एक पुस्तक गेले तर नुकसान मात्र मोठे आहे.

करायचे काय, ते अवघड नाही. वर्गाने पहिला धडा शीर्षकपानाचा घ्यावा. पुस्तकाचे नाव, लेखक, भाषांतरकार, छापखाना, गाव, साल. पुष्कळदा साल मराठी अंकांत असते, कधी शक असतो, कधी हिब्रू वर्ष. ही सहा उत्तरे वाचता आली की मुलाला पुस्तकाची ओळख झाली. मग प्रत्येक घरातल्या खालच्या खणाची अशी यादी करावी. ऑस्ट्रेलियातल्या ग्रंथालयांत काय आहे ते ‘ट्रोव्ह’वर घरबसल्या शोधता येते. तिथे जे नाही ते आधी जपावे.

दुसरे, जोड्या लावाव्यात. एक आजी किंवा आजोबा, आणि एक मुलगा किंवा मुलगी. महिन्यातून एकदा दोन पाने. मोठ्यांनी मोठ्याने वाचावे, लहानांनी फोनवर आवाज टिपून घ्यावा आणि अडलेला शब्द विचारावा. आजीला शब्दाचा अर्थ येतो, नातीला यंत्र येते. दोघींपैकी कोणीही एकटी हे काम करू शकत नाही.

तिसरे गेनिझाचे. फाटके प्रार्थनापुस्तक मानाने पुरावे हा धर्म आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण पुरण्याची घाई करा असे धर्म सांगत नाही. जुने हिब्रू-मराठी पुस्तक मातीत जाण्याआधी जाणत्या माणसाने पाहावे, त्याच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत, आणि ते दुर्मीळ निघाले तर ते पुरू नये, ग्रंथालयाकडे सोपवावे. एकुलती एक प्रत पुरणे म्हणजे मान नव्हे.

आणि शेवटचे. ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची, मासिकाची, मंडळाच्या छोट्या पत्रिकेचीसुद्धा एक प्रत कॅनबेराच्या नॅशनल लायब्ररीला द्यावी असा इथला कायदा आहे. मग वर्गाच्या या पुस्तिकेचीही एक प्रत तिथे गेली पाहिजे. शंभर वर्षांनी कोणी नातवंड शोधायला आले, तर इथे मराठी वाचणारे, लिहिणारे बेने इस्राएल होते एवढे तरी त्याला सापडेल.

येत्या पेसाखला सेदेरच्या टेबलावर इंग्रजी हगादांच्या शेजारी एक मराठी हगादा ठेवावा. सर्वांत धाकट्याने चार प्रश्न नेहमीप्रमाणे हिब्रूत विचारावेत. मग त्यातला एक प्रश्न मराठीत वाचायला त्याच्या आजीने त्याला मदत करावी. पाच मिनिटे लागतील. त्या पुस्तकाचे नाव त्या मुलाच्या तोंडी राहील, आणि उद्या घर आवरताना तो ते डब्यात टाकणार नाही.