तेरा महिन्यांचे वर्ष

पंचांगातील अधिक मास साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. मोबाइलच्या प्रीपेड रिचार्जमध्ये मात्र तो दरवर्षी येतो. महिन्याचे म्हणून केल्या जाणाऱ्या बऱ्याच रिचार्जची मुदत प्रत्यक्षात २८ दिवसांचीच असते. म्हणजे वर्षभर सेवा सुरू ठेवायची तर ते तेरा वेळा करावे लागते. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओची रोज दीड जीबी डेटा देणारी २८ दिवसांची योजना २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. दरवाढीची चर्चा झाली. पण वर्षाचा हिशेब ३,५८८ नव्हे, तर ३,८८७ रुपयांचा होतो, हे कितीजणांच्या ध्यानात आले?

याच दरपत्रकात तेवढाच डेटा पूर्ण कॅलेंडर महिनाभर देणारी ३१९ रुपयांची योजना होती. दिसायला ती वीस रुपयांनी महाग. वर्षाकाठी मात्र ५९ रुपयांनी स्वस्त. छुपा खर्च दरात नव्हे, तर मुदतीत आणि अटींत दडलेला असतो, तो असा.

अटींचा फटका नवा फोन घेणाऱ्यांना अधिक बसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी वेगळे पैसे नव्हते. जुलै २०२४ मध्ये जिओने अमर्याद ५जी रोज दोन जीबी वा त्याहून अधिक डेटाच्या योजनांपुरते मर्यादित केले. २८ दिवसांसाठी त्यातील योजना ३४९ रुपयांची, म्हणजे वर्षाला ६५० रुपये जादा. फोनमधील सुविधेचे पैसे दुकानात एकदा मोजले, तरी ती वापरण्याचे पैसे पुन:पुन्हा मोजावे लागतात. पोस्टपेडमध्ये तर जाहिरातीतील आकड्यावर १८ टक्के जीएसटी चढतो. ४४९ रुपयांचे बिल हाती पडते तेव्हा सुमारे ५३० रुपयांचे झालेले असते.

दोन सिमच्या फोनचेही तसेच. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' इनकमिंगची आश्वासने दिली गेली होती. २०१८ मध्ये ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला आणि जुलै २०२४ मध्ये एअरटेलची २८ दिवसांची प्राथमिक योजना १९९ रुपयांवर पोहोचली. तीत अमर्याद कॉल आणि दोन जीबी डेटा आहे, हे खरे. पण केवळ बँकेचा ओटीपी यावा म्हणून दुसरे सिम जपणाऱ्याला त्याचा उपयोग काय? त्याचा वर्षाचा खर्च २,५८७ रुपये होतो.

'ट्राय'ने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये ३० दिवसांच्या आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणाऱ्या योजना बंधनकारक झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल व एसएमएसची योजनाही सक्तीची करण्यात आली. मात्र दोन्ही वेळी अट 'किमान एक' योजनेची होती आणि मुदतीचा खेळ सुरूच राहिला. जानेवारी २०२५ मध्ये जिओने अशी योजना १,७४८ रुपयांना आणली, एअरटेलने १,८४९ रुपयांना. पहिली १०१ रुपयांनी स्वस्त वाटते. परंतु तिची मुदत ३३६ दिवसांची, तर दुसरीची ३६५ दिवसांची. दिवसाचा दर काढला, तर पहिली ५ रुपये २० पैशांना पडते आणि दुसरी ५ रुपये ७ पैशांना. स्वस्त वाटणारीच महाग ठरते.

कंपन्यांना जाळे उभारणीचा खर्च भरून काढायचा आहे, त्यासाठी दर वाढविण्याचा त्यांना अधिकारही आहे. आक्षेप दरवाढीला नाही, दरांची तुलनाच अवघड करून ठेवण्याला आहे. बिस्किटे वा डाळीच्या पॅकबंद पुड्यावर एकक दर छापण्याचा नियम लागू झाला आहे. प्रत्येक रिचार्जपुढेही दिवसाचा दर लिहिण्याची सक्ती व्हावी. तोवर ग्राहकाने रक्कम पाहताच तिला मुदतीच्या दिवसांनी भागावे. धोंड्याच्या महिन्यात वाण जावयाला मिळते. मोबाइलच्या अधिक महिन्याचे वाण कोणाच्या पदरात पडते, हे त्या भागाकारातून कळेल.