प्रयोगशाळेत जाताना सोबत एक प्रश्न न्या

फेब्रुवारी उजाडला, २८ तारखेचा विज्ञान दिन जवळ आला, की शाळेत विषय निघतो : यंदा नववीला शिवाजी विद्यापीठाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दाखवायची का? सर, बाई, जरूर दाखवा. पण निदान पंधरा दिवस आधीपासून तयारीला लागा.

मी नववी-दहावीला बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. पहिल्यांदा साठ मुलं घेऊन एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा त्यांना एवढंच बजावलं होतं की कशाला हात लावायचा नाही. मुलांनी ते तंतोतंत पाळलं. रांगेनं आत गेली, रांगेनं बाहेर आली. दुसऱ्या दिवशी काय पाहिलं विचारलं तर उत्तर आलं, ‘मोठमोठी यंत्रं.’ दाखवणाऱ्यांनी मन लावून सांगितलं होतं. मीच मुलांना काही विचारायला शिकवलं नव्हतं.

प्रश्न शोधायला लांब जायला नको. फेब्रुवारीत आपल्याकडे गुऱ्हाळं चालू असतात. निम्म्या वर्गाच्या घरी ऊस असतो. रस काहिलीत उकळताना गुळव्या त्यात भेंडीचा चिकट रस घालतो, मळी वर येते, ती काढतो. आणि चुन्याची निवळीही घालतो. चुना कशासाठी? उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, चुना आम्लारिधर्मी. नववीच्या पुस्तकातला ‘आम्ल, आम्लारि व क्षार’ हा धडाच काहिलीत शिजत असतो म्हणा ना.

वर्गात आधी हळदीचा कागद करा. हळद पाण्यात कालवून गाळणकागदाला लावली, वाळवली, झालं. चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की लाल. मुलींना कुंकू लगेच आठवतं. आता त्याच कागदावर उसाचा रस टाका : पिवळाच. साधं पाणी टाका : तरीही पिवळाच. मुलं इथं अडतात, आणि त्यांना अडू द्या. मग निळा लिटमस काढा; तो रसात तांबूस होतो. रस आम्लधर्मी आहे हे कळलं, पण किती? ते लिटमस सांगत नाही. हा ‘किती’ घेऊन विद्यापीठात जा. तिथल्या सामूमापकावर (पीएच मीटरवर) मुलांना आकडा दिसेल. ताज्या रसाचा साधारण पाचाच्या आसपास. सामूची ही मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन यांनी मांडली, तीही डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथं प्रश्न होता, विकरांच्या (एन्झाइमांच्या) कामावर आंबटपणाचा काय परिणाम होतो. हे मुलांना जरूर सांगा. एक अंक खाली म्हणजे आंबटपणा दहापट, हेही आधीच समजावून द्या. नाहीतर पाच आणि सहा त्यांना शेजारी शेजारी वाटतात.

चुना घालण्याआधीच्या आणि नंतरच्या रसाची एकेक बाटली न्यायची तर विभागाला आधी विचारा. पत्रात इयत्ता, मुलांची संख्या आणि मुलांना काय विचारायचं आहे ते लिहा. रस ताजा आणि बर्फात ठेवलेला हवा, तो लगेच आंबतो आणि आकडा बदलतो.

मराठी माध्यमाच्या मुलांची एक अडचण कुणी फारशी बोलत नाही. ती चंचुपात्र, शंकुपात्र, परीक्षानळी, अनुमापन शिकलेली असतात. विद्यापीठात कानावर बीकर, कोनिकल फ्लास्क, टेस्टट्यूब, टायट्रेशन पडतं. वस्तू तीच, पण मूल गप्प बसतं आणि आपल्यालाच काही येत नाही असं समजतं. वीस-पंचवीस शब्दांच्या जोड्या फळ्यावर लिहून आठवडाभर तशाच ठेवा. आणि प्रश्न मराठीतच विचारायचा, हे वर्गात स्पष्ट सांगा.

आता पालकांसाठी. त्या दिवशी पायात बूट हवेत. आपली कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी तिच्यात बोटं उघडी राहतात, आणि आम्लाचा थेंब खालीच पडतो. सुती कपडे घाला, वेणी घट्ट बांधा, ओढणी नको किंवा खोचलेली हवी. बाईंनीही पदर खोचावा. मुलाला दमा असेल तर शिक्षकांना आधी सांगा. आणि मुलाला खाऊन पाठवा. गगनबावड्याकडून, राधानगरीकडून येणारी मुलं पहाटे निघतात. उपाशीपोटी, त्या वासात, तासभर उभं राहून मूल चक्कर येऊन पडलेलं मी पाहिलं आहे. डबा मात्र आत उघडायचा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

आता मुलांसाठी. वास बाटलीला नाक लावून घ्यायचा नाही, हातानं वारा घालून लांबून घ्यायचा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. अंगावर काही उडालं तर लाजून लपवायचं नाही; ताबडतोब सांगायचं आणि नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं. हे तोंडपाठ नको, शाळेच्या नळावर प्रत्यक्ष करून घ्या.

विद्यापीठात दहा-दहाचे गट करा. सगळी यंत्रं पाहण्याचा हट्ट धरू नका. दोन नीट पाहिली तरी पुष्कळ झालं.

परत आल्यावर वृत्तांत लिहायला लावण्याआधी मुलांना रस आणला त्याच गुऱ्हाळावर न्या. चुना घालण्याआधीचा आणि नंतरचा आकडा त्यांनाच गुळव्याला सांगू द्या, आणि यंत्र नसताना किती चुना घालायचा हे त्याला कसं कळतं, ते मुलांना त्याच्याच तोंडून ऐकू द्या.