चढणीचे मासे

फराळाच्या ताटाशेजारी माशांचा विषय काढणे कित्येकांना शिष्टसंमत वाटणार नाही. पण वाचकहो, हे मासे ताटातले नव्हेत, वाटेवरचे आहेत.

कर्जतहून मुरबाडकडे जाताना कशेळे लागते. जवळूनच पेज नदी वाहते. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही आटत नाही. मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की नदीतली शिंगटी, खवली, मरळ ओढ्यातून उलटी पोहत भातखाचरांकडे निघते आणि उथळ पाण्यात अंडी घालते. ही वलगण! लोक रातोरात पाग, टोपल्या घेऊन धावतात. गाभोळीचा मासा चवीला उत्तम खरा. पण एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, हा हिशेब चुलीपाशी कोण करतो?

तरी सारा दोष पाग टाकणाऱ्याच्या माथी मारू नये. कुणी ओढ्यावर बंधारा घातला, कुणी मोरीचा नळ हातभर उंच बसविला, कुणी बंगल्यासाठी ओढाच बुजविला. माशांची वाट एक, पण तिचे धनी दहा. मग एकट्या कोळ्याने जाळे आवरून काय होणार?

अमेरिकेत पेनॉबस्कॉट नदीवर हाच पेच होता. 2004 साली तिथली आदिवासी जमात, वीज कंपनी, सरकार आणि निसर्गप्रेमी संस्था यांनी करार केला. 2012 व 2013 मध्ये दोन धरणे काढली; घटलेली वीज इतर धरणांवर भरून काढली. समुद्रातून लाखो हेरिंग पुन्हा नदीत चढू लागले.

आपल्याला धरणे पाडायची नाहीत. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि नोंदवही सांगितलीच आहे. त्या वहीत मासा कुठून चढतो, कुठे अडतो, हे कातकरी आणि ठाकर मंडळींना विचारून लिहावे. त्यांच्याइतका जाणता दुसरा नाही. मग बंधाऱ्यालगत दगडांचा उतार रचावा, मोरीचा नळ ओढ्याच्या तळाशी आणावा, पहिले काही दिवस चढता मासा सोडून द्यावा. उतरणीला तो येणारच आहे, पिलावळीसह!

अशी सभा मृगाच्या आधी भरली पाहिजे. आणि शहरातल्या ज्या वाचकांचे त्या बाजूला शेतघर आहे, त्यांनीही जाऊन बसावे. सातबाऱ्यावर नाव आहे, तर ओढ्याच्या कारभारातही असू द्या.