झोपेची गोळी देण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. यकृताचा सिरॉसिस असलेले त्यांचे यजमान चार दिवसांपासून रात्री जागत आणि दिवसा झोपत होते. "त्यांना झोपेची एखादी गोळी लिहून द्या, डॉक्टर." मी लेखणी उचलली, तोच त्या म्हणाल्या, "काल त्यांना सदऱ्याची बटणेही लावता आली नाहीत." मी लेखणी खाली ठेवली आणि रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवले.

वाचकहो, आतड्यांत तयार होणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. यकृत निकामी होऊ लागले की तो मेंदूपर्यंत पोहोचतो. झोपेचे चक्र उलटणे, हस्ताक्षर बिघडणे, हात फडफडणे ही त्याची प्रारंभीची लक्षणे. आपण ती वार्धक्याच्या खाती टाकतो. अशा वेळी झोपेची गोळी दिल्यास रुग्ण बेशुद्धीकडे ढकलला जातो. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग व पचनमार्गातील रक्तस्राव ही या बिघाडाची नेहमीची निमित्ते होत.

गंभीर यकृतविकारात मूत्रपिंडे, रक्तदाब आणि रक्त गोठण्याची क्रिया हीही ढासळू शकतात. पोटातील पाणी उतरवणारे औषध मूत्रपिंडांना जड जाऊ शकते. म्हणूनच अतिदक्षता विभागात यकृततज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, परिचारिका यांनी एकत्र बसून निर्णय घेणे अगत्याचे असते. या मंडळींत आपलेही स्थान आहे. शेवटचा शौच कधी झाला, तो काळा होता का, लघवी कमी झाली का, घरात कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे आपणच सांगू शकता. आपणही दोन प्रश्न अवश्य विचारा: आम्ही रोज कोणत्या डॉक्टरांशी बोलावे? यकृत प्रत्यारोपण शक्य आहे का, आणि नसल्यास उपचारांचे उद्दिष्ट काय?

आजोबांचे हृदय दुर्बल असल्याने प्रत्यारोपण शक्य नव्हते. हे त्यांना व आजींना स्पष्ट सांगण्यात आले. संसर्ग आटोक्यात आल्यावर ते घरी परतले. लॅक्टुलोजची मात्रा दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील अशी बेतली गेली. डाळ-दूध बंद न करता निजण्यापूर्वी थोडे खाणे सुरू झाले. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घरातून हद्दपार झाल्या.

पुढे दीड वर्ष ते घरी होते. आजी रोज सकाळी त्यांच्याकडून वहीत सही करून घेत. सही वाकडी झाली की त्या मला दूरध्वनी करीत. आपणही अशी एक वही ठेवावी.