कॅमेरा कपाटात का?

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. राज्य सरकारनेही बाकीच्या गावांपुढे तोच आदर्श ठेवला. ठराव मोलाचाच, पण नवरा गेला की बाईचा छंदही कपाटात जातो, त्याचं काय?

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचे पती गेले आणि तिचा कॅमेरा बंद झाला. दीड वर्षाने तिने तो पुन्हा हातात घेतला, तर लगेच कुजबुज, 'हिला बरं सुचतं फोटो काढायला!' मग मीच तिच्यासोबत नदीच्या घाटावर जायला लागले. फोटो काढायचा तर उजेड कुठून येतोय ते बघावं लागतं, हात स्थिर ठेवावा लागतो. ती म्हणते, "ताई, तेवढा वेळ डोकं मागे धावत नाही. दुःख आहेच, पण समोरचा दिवस दिसायला लागलाय."

मैत्रिणींनो, दुःख सरत नाही. ते पेलायला हाताला काहीतरी लागतं. अशी एखादी बाई कॅमेरा काढेल, पेटी वाजवेल, तेव्हा नावं ठेवू नका. जवळ बसून म्हणा, "दाखव की गं, काय टिपलंस?"