हरिपाठाची सोबत

देवाधर्माचे करणारी माणसे अधिक निरोगी राहतात का, हा प्रश्न आपल्या भागातील वैद्यकास टाळता येत नाही. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी, आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची; पिंपळवंडीची जुनी पिढी याच वारकरी वातावरणात वाढली.

अमेरिकेतील सुमारे ७५ हजार परिचारिकांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा सामूहिक प्रार्थनेस जाणाऱ्या स्त्रियांत १६ वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही. परंतु त्या लाभातील जवळजवळ चौथा हिस्सा माणसांच्या आधाराचा दिसला, ही बाब मला फार मोलाची वाटते. प्रयागच्या माघमेळ्यात ऐन थंडीत महिनाभर नदीकाठी राहणाऱ्या कल्पवासींचाही अभ्यास झाला आहे. परतल्यावर त्यांनी आपली प्रकृती पूर्वीपेक्षा बरी असल्याचे सांगितले; गावी राहिलेल्यांत तसा फरक नव्हता. (हे त्यांचे स्वतःचे सांगणे, रक्ततपासणी नव्हे.) उलट, हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी भाविकांनी दुरून प्रार्थना केली, तेव्हा त्यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारी काही कमी झाल्या नाहीत.

धर्मामुळे माणसांचे समूह एकत्र राहिले, म्हणून उत्क्रांतीत तो टिकला, असे काही अभ्यासक मानतात. ते सिद्ध करणे अवघड आहे. मला हरिपाठ अधिक उमगतो. ठरलेली वेळ, दीर्घ श्वासाने गाणे, टाळावर पावले. आणि एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरी चौकशीला येते.

गुडघे थकले की आजोबांचे हे सारे एकदम सुटते. घरची मंडळी प्रेमाने मोबाइलवर अभंग लावून देतात, पण मोबाइल चौकशी करीत नाही. आठवड्यातून एकदा भजनी मंडळातील चौघांना घरी बोलवावे. चहाचा खर्च औषधांहून कमीच येतो.

श्रद्धेची दुसरी बाजूही आहे. देवाने आपल्याला टाकले किंवा शिक्षा दिली, असे मानणाऱ्या वृद्ध रुग्णांत पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळल्याचे एका अभ्यासात २००१ मध्ये दिसून आले. म्हणून आजी ‘माझ्याच पापाचे फळ’ असे वारंवार म्हणू लागल्या, तर ‘भोग आहेत, भोगावे लागतात’ असे उत्तर कृपया देऊ नये. त्यांची झोप, भूक, बोलणे कमी झाले आहे का ते पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. नैराश्यावर या वयातही उपचार होतात.

एकादशीविषयी एवढेच: इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असल्यास उपवासाआधीच डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. साबुदाण्याने साखर झपाट्याने वाढते. रक्तदाबाची गोळी मात्र उपवास म्हणून परस्पर बंद करू नये.