देवाची अब्रू

दिवाळीच्या अंकात असला विषय काढावा काय, असे वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल. चिवड्याच्या ताटलीशेजारी कुणी कायद्याचे पुस्तक आणून ठेवावे, तसेच हे झाले! परंतु हा प्रश्न आता वकिलांपुरता उरलेला नाही. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे वाक्य हल्ली नाटकावरून, चित्रावरून, पुस्तकावरून, फार काय जाहिरातीवरूनही ऐकू येते, आणि पाठोपाठ मागणी येते ती अटकेची. तेव्हा घरात चार माणसे जमली असतानाच हे बोलून घ्यावे. धर्माची निंदा हा गुन्हा मानणारा कायदा आजच्या समाजात न्याय्य असू शकतो काय?

इंग्रजांच्या स्वतःच्या घरी हा कायदा मोठा पक्षपाती होता. ख्रिस्ती धर्माची निंदा तेवढी गुन्हा. इतरांच्या देवांना कायद्याच्या लेखी अब्रूच नव्हती. इंग्लंड व वेल्समध्ये तो रद्द व्हायला २००८ साल उजाडावे लागले. हिंदुस्थानासाठी मात्र मेकॉलेने १८३७ मध्ये जो मसुदा केला आणि ज्यातून १८६० ची दंडसंहिता निघाली, त्यात सगळे धर्म एका पंक्तीला बसवले होते. प्रार्थनास्थळाची विटंबना, पूजेत व्यत्यय, समोरच्याला डिवचण्यासाठी मुद्दाम उच्चारलेले शब्द, असे ते गुन्हे. देवाची अब्रू राखावी हा त्यामागचा हेतू नव्हता. माणसांनी एकमेकांची डोकी फोडू नयेत, एवढाच व्यवहार होता.

पुढे लाहोरात ‘रंगीला रसूल’ नावाचे एक चोपडे निघाले. पैगंबरांविषयी त्यात जे लिहिले होते, त्याने मुसलमान समाज संतापला. प्रकाशक राजपाल याच्यावर खटला झाला. पण १९२७ साली तेथल्या उच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. जमातीजमातींत वैर पेटवण्याविरुद्धच्या कलमात दिवंगत धर्मपुरुषावरची टीका बसत नाही, असा निर्णय पडला. मग त्याच वर्षी सरकारने नवे कलम घातले, २९५-अ. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना ‘बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने’ दुखावण्यासाठी त्याच्या धर्माचा अपमान करणे हा गुन्हा ठरला. कायदा झाला, पण राजपालचा जीव काही वाचला नाही. १९२९ मध्ये इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने त्याला भोसकून ठार केले आणि त्याच वर्षी तो तरुणही फासावर गेला. कलम मात्र टिकले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, १९६१ साली त्यातली शिक्षा दोन वर्षांवरून तीन झाली, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने नांदते आहे.

आता हेच १९२७ साल महाराष्ट्राच्या बाजूने पाहा. २० मार्चला डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा ठराव त्यांच्या बाजूचा होता. तरीही सवर्णांच्या भावना दुखावल्या. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्या भावना खोट्या होत्या, असे मी म्हणणार नाही. एखाद्या म्हातारीला त्या रात्री खरोखर जेवण गेले नसेल! पण दुःख खरे आहे, एवढ्याने ते न्याय्य होत नाही. पुढे २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. भावना तेव्हाही दुखावल्या. किंबहुना त्या दुखावल्या जाणार हे ठाऊक असूनच ते कृत्य केले होते. ज्या ग्रंथाच्या आधाराने माणसाला पाणी नाकारले जाते, त्याच्याविषयी गोड बोलून काय साधले असते? दुखावलेल्या भावनेलाच पुरावा मानले, तर महाडचा सत्याग्रही आरोपी ठरतो आणि लाठी मारणारा फिर्यादी.

ही केवळ कल्पना नव्हे. २००९ साली पाकिस्तानातल्या पंजाबात फालशाच्या मळ्यात काही बायका फळे तोडत होत्या. त्यांतल्या आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर बाईने पाणी आणले. तिच्या हातचे पाणी इतरांनी नाकारले आणि भांडण जुंपले. हो, पुन्हा पाणीच! त्या भांडणात तिने पैगंबरांचा अपमान केला अशी फिर्याद झाली, आणि २०१० मध्ये तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तिला निर्दोष सोडले, तोवर आठ वर्षे ती फाशीच्या छायेत तुरुंगात होती.

पाकिस्तानला फाळणीत मिळाली ती तीच १८६० ची संहिता, तेच २९५-अ. तिथे १९८६ साली २९५-क जोडले गेले. त्यात मृत्युदंड आला, आडून केलेला अपमानही आला. फक्त ‘बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने’ हे शब्द तेवढे आले नाहीत. कायद्यातून हेतू गेला की उरते ती फिर्याद, आणि फिर्याद करायला शेजारणीचे भांडणही पुरते.

आपल्याकडे ते शब्द आहेत, म्हणून आपण निश्चिंत असावे काय? २०१३ साली एका मासिकाने महेंद्रसिंग धोनीला मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात, हातांत निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू देऊन छापले. खटले झाले. दुष्ट हेतू नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ते प्रकरण निकालात काढले. निकाल उत्तम, पण धोनीला वकील परवडतो. गावातल्या शाळामास्तराने किंवा कॉलेजातल्या पोराने काय करावे? खटला चालवायला सरकारची संमती लागते, अटकेला लागत नाही. गुन्हाही जामीनपात्र नाही. हेतू शुद्ध होता हे शेवटच्या पायरीवर सिद्ध होते, आणि शिक्षा पहिल्या पायरीपासूनच सुरू होते.

यावर कुणी म्हणेल, एका शब्दावरून दंगल पेटणाऱ्या देशात लगाम नको काय? अवश्य हवा. एखाद्या वस्तीवर जमाव सोडणाऱ्या, एका समाजाविरुद्ध दुसऱ्याला चिथावणाऱ्या माणसाला जरूर पकडावे. त्यासाठी वैर पसरवण्याविरुद्धचे स्वतंत्र कलम आहेच. माणसाचे रक्षण करणारा कायदा न्याय्य असू शकतो. मताचे, ग्रंथाचे किंवा देवाच्या अब्रूचे रक्षण करणारा कायदा न्याय्य होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तिथे मोजमाप लागते ते भावनेचे, आणि ज्याचा जमाव मोठा त्याची भावना जड भरते. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्यांच्या भावनाही काही थोड्या दुखावल्या नव्हत्या!

हे कलम उद्याच रद्द होईल, अशी आशा मी बाळगत नाही. पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. अमक्याने आपल्या देवाचा अपमान केला, तक्रारीत सामील व्हा, असा निरोप फोनवर आला, तर तो पुढे धाडण्यापूर्वी घरात तीन गोष्टी विचाराव्यात. तो माणूस नेमके काय म्हणाला? त्याने कुणा जिवंत माणसाला धोका आहे काय? आणि उद्या आपण तक्रार केल्यावर धोका कुणाला होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की तो निरोप तिथेच थांबवायला मुलेसुद्धा सांगतील.